माळ्यावरची एअर रायफल: गंजलेली नळी घरच्या सामानाने कशी साफ करावी

दिवाळीच्या आधी माळे आवरले जातात आणि ठाणे-डोंबिवली-नेरूळच्या बऱ्याच घरांत एक लांबट, रेक्झिनची पिशवी खाली येते. आत काकांनी किंवा आजोबांनी कधीकाळी घेतलेली, नळी मोडून, म्हणजे बिजागरीपाशी खाली वाकवून, छर्रा भरायची एअर रायफल असते. शाळेत मुलीने नुकतंच शूटिंग सुरू केलेलं असतं, म्हणून सगळ्यांना वाटतं, आहेच तर वापरू. मग नळीत डोकावल्यावर तपकिरी डाग दिसतात आणि घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवतो: व्हिनेगर, लिंबू, कोला, चिंच, भांड्यांची पावडर.

त्या बाटल्या उघडण्याआधी हे वाचा. दुर्लक्षामुळे नळ्या खराब होतात हे खरंच आहे. पण वर्षानुवर्षं पडून राहून जेवढं नुकसान होत नाही तेवढं एका उत्साही रविवारी होतं. नळीत पाच प्रकारची घाण असू शकते: धूळ-माती, शिसं, बंदुकीच्या दारूची काजळी, तांबं आणि गंज. प्रत्येकीचा उतारा वेगळा आहे. घाण कुठली ते आधी ठरवायचं आणि मगच बाटली शोधायची. एअर रायफलमध्ये दारू जळत नाही आणि छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे काजळी आणि तांबं यांचा प्रश्नच येत नाही. उरतं ते धूळ, शिसं आणि गंज. या तिन्हींसाठी घरात पुरेसं सामान असतं.

आधी कागदपत्रं

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ०.२२ इंची एअर रायफल या सवलतीत बसत नाही. नळीवर किंवा दस्त्याजवळ (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाजवळ) आकडा कोरलेला असतो, तो बघा. पिशवीतून एअर रायफलऐवजी काडतुसाची बंदूक निघाली आणि परवानाधारक आता हयात नसेल, तर साफसफाईचा विचार सोडून द्या. वारसाने पोलीस ठाण्यात कळवायचं, बंदूक तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पुढचा अर्ज करायचा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही पोलीस आयुक्तालयं आहेत, त्यामुळे परवान्याचं काम आयुक्त कार्यालयाकडे असतं. ‘नुसती पुसून ठेवतो’ हा बचाव १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे चालत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. आपल्याकडे दोन इमारतींमधलं अंतर किती असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. समोरच्या खिडकीतून कोणी तुम्हाला रायफल हाताळताना पाहिलं तर ती एअर रायफल आहे हे त्याला कळणार नाही. पडदा ओढून घ्या, बाल्कनीत बसू नका आणि नळीचं तोंड कायम भक्कम भिंतीकडे ठेवा, दाराकडे नाही.

सामान

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे कापड. जुनं धोतर, सुती पंचा किंवा खूप धुतलेलं सुती बनियन. पॉलिएस्टर मिसळलेला टी-शर्ट तेल शोषत नाही आणि नुसताच घसरतो. कापडाच्या साधारण दोन सेंटिमीटर चौरस चिंध्या कापा. कापड अगदी पातळ असेल तर थोड्या मोठ्या. भरपूर कापून ठेवा, मध्येच कात्री शोधायला उठावं लागलं की घाई सुरू होते.

दुसरी वस्तू तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, आणि ठाण्यात चेंदणी किंवा बेलापूरजवळ दिवाळे अशी कोळीवाड्याची वस्ती जवळ असेल तर दुकान शोधायला लांब जावं लागणार नाही. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची, ताठ तंगूस घ्या. फार बारीक घेतली तर ती नळीत सरकत नाही, वाकते. एनसीसी केलेल्यांना पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) आणि चिंधी आठवत असेलच, तेच तंत्र आहे, फक्त नळी बारीक आहे.

बाकी यादी छोटी आहे. शिलाई मशीनचं तेल. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेन्टाइन, ज्याला रंगारी एमटीओ म्हणतात. जुन्या लोकांनी इथे रॉकेल वापरलं असतं आणि ते चांगलं कामही करतं, पण आता ते सहज मिळत नाही. एमटीओ त्याच कुळातलं आहे. थिनर मात्र मागू नका, तो दस्त्याचं पॉलिश उतरवतो. जुना टूथब्रश, रद्दी, रबरी हातमोजे, मोबाइलचा टॉर्च आणि चपात्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल. फॉइलचं काम नळीच्या बाहेर आहे, ते पुढे येईल.

रॉड विकत घ्यायचाच असेल तर पितळेचा किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेला अखंड घ्या. तुकडे जोडून लांब करायचा स्टीलचा रॉड स्वस्त असतो, पण त्याचे सांधे नळीला आतून घासतात. एअर रायफलच्या नळीला तंगूस पुरते, म्हणून मी नवख्या माणसाला रॉड घ्यायला सांगत नाही.

नळी मोडण्याआधी

छर्रा आत नाही असं गृहीत धरू नका. आहे असंच समजून चला.

नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये एक धोका पुस्तिकेतही नीट सांगितलेला नसतो. नळी पूर्ण मोडली की आतली स्प्रिंग ओढली जाते, आणि ती ओढलेली असताना ट्रिगर सुटला तर नळी झटक्यात वर येऊन बंद होते. फटीत बोट असेल तर ते तुटू शकतं. म्हणून साफसफाईसाठी नळी पूर्ण मोडायचीच नाही. मोडायला लागल्यावर सुरुवातीचा थोडा भाग मोकळा जातो, मग स्प्रिंगचा जोर लागतो. जोर लागायच्या आधी थांबा. तेवढी फट तंगूस बाहेर काढायला पुरते. फटीत कापडाची जाड घडी ठेवली की नळी मिटत नाही.

मोडताना अजिबात जोर लागला नाही आणि नळी शेवटपर्यंत सहज खाली आली, तर रायफल स्प्रिंग ओढलेल्या अवस्थेतच माळ्यावर गेली होती असं समजा. अशी रायफल घरी सोडवत बसू नका. नळी आहे त्याच स्थितीत बंद करा, ट्रिगरपासून बोट लांब ठेवा आणि माहीतगार माणसाकडे न्या. इतकी वर्षं दबलेली स्प्रिंग तशीही बदलावी लागेल.

नळी बघणं

फटीत पांढरा कागद धरा आणि त्यावर टॉर्च मारा. कागदावरून परतलेला उजेड नळीत पसरतो, टॉर्च थेट आत मारला तर नुसतं चकाकतं. पुढच्या तोंडाशी डोळा लावण्याऐवजी मोबाइलचा कॅमेरा धरा आणि फोटो काढून मोठा करून बघा. डोळा बंदुकीच्या तोंडापासून लांब राहतो आणि साफ करण्याआधीचा पुरावाही हाती राहतो.

उजेडच दिसला नाही तर नळी बंद आहे. कारणं दोनच असतात. एक, कोणीतरी सोडून दिलेला, अडकलेला छर्रा. त्याच्यामागे दुसरा छर्रा मारून तो काढायचा नसतो. तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि नळीत जेमतेम बसेल अशा पितळी सळईने पुढून मागे, हळू ढकला. शिसं मऊ असतं, निघतं. दुसरं कारण कुंभारीण माशी. भिंतीतल्या स्क्रूच्या भोकात मातीचं घर करणारी ही माशी रायफलच्या नळीलाही सोडत नाही. ती माती काडीने कोरू नका, तिच्यातले वाळूचे कण पोलादावर ओरखडे काढतात. पाण्याचे थेंब सोडून भिजू द्या आणि विरघळलेला चिखल बाहेर वाहू द्या. नंतर नळी लगेच कोरडी करायची हे सांगायला नको.

उजेड दिसत असेल तर आतले आटे बघा, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचा. त्या छर्ऱ्याला फिरकी देतात. करडी, मळकट चमक दिसली तर ते शिसं. तपकिरी किंवा लालसर ठिपके म्हणजे गंज. काळे, खोलगट ठिपके म्हणजे जिथला गंज पोलाद खाऊन गेला ती जागा. हे खड्डे कुठल्याही बाटलीने भरत नाहीत. आज काम करायचंय ते वर बसलेल्या गंजावर.

प्रत्यक्ष काम

टेबलावर रद्दी पसरा, हातमोजे घाला. स्वयंपाकघराचा ओटा या कामासाठी नाही. शिसं विषारी आहे, लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी तर फारच, आणि चिंधीवरची करडी पूड म्हणजे शिसंच. मधे चहा-बिस्कीट नको. देवघरात निरांजन जळत असेल तर एमटीओची बाटली दुसऱ्या खोलीत उघडा, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून.

नळीच्या लांबीच्या तिपटीहून थोडी जास्त तंगूस कापा आणि दुमडून दुहेरी करा. दुमडलेलं टोक पुढच्या तोंडातून आत सरकवा, ते मागच्या फटीतून बाहेर येईल. त्या फासात चिंधी अडकवा. फासालाच एक वेगळी, लांब शेपटी बांधून मागे सोडा. चिंधी मधेच अडकली तर तिला मागे ओढायला हीच शेपटी उपयोगी पडते. शेपटी न बांधता चिंधी अडकवून बसलेले लोक मग ती जाळून काढायच्या गोष्टी करायला लागतात. पुढच्या बाजूची दोन्ही टोकं एका लाकडी काडीला गुंडाळा, नाहीतर तंगूस बोटं कापते. आता ओढा. चिंधी मागून पुढे, म्हणजे छर्रा जातो त्याच दिशेने येईल. नळीच्या पुढच्या तोंडाची कड रायफलच्या अचूकतेचा सगळ्यात नाजूक भाग आहे. ओढताना तंगूस सरळ रेषेत हवी, कडेवर घासता कामा नये.

ओढताना अडसर जाणवला पाहिजे, पण दोन पाय रोवून ओढावं लागत असेल तर चिंधी मोठी आहे. काढा, कापा, पुन्हा लावा.

पहिली चिंधी कोरडीच. तिच्यावर काय आलं ते बघा आणि रद्दीवर ठेवा. पुढच्या चिंध्या तिच्याशेजारी ओळीने मांडत जा. नळीच्या आत काय चाललंय ते या ओळीवरून कळतं: करड्या चिंध्या म्हणजे शिसं, तपकिरी म्हणजे गंज, चिकट पिवळट म्हणजे आधीच्या मालकाने ओतलेलं तेल.

दुसरी चिंधी एमटीओने ओली करून घट्ट पिळा. ओलसर हवी, ठिबकती नको. ओढा आणि रायफल तोंड खाली करून रद्दीवर पंधरा-वीस मिनिटं उभी करा. तोंड खाली यासाठी की कुठलाही द्रव मागे, स्प्रिंगच्या नळकांड्यात जाऊ नये. मागच्या तोंडाशी एक सील असतं, जुन्या रायफलमध्ये चामड्याचं, नव्यात रबर किंवा प्लॅस्टिकचं. एमटीओने रबर फुगतं. त्यामुळे तिथे टूथब्रश कोरडाच फिरवायचा. मग दोन-तीन कोरड्या चिंध्या. पुन्हा एक ओलसर, पुन्हा कोरड्या.

गंज नसेल तर काम जवळजवळ इथेच संपतं. चिंध्या काळ्याच्या करड्या आणि करड्याच्या फिकट करड्या झाल्या की थांबा. त्या पांढऱ्याशुभ्र व्हायची वाट बघू नका. शिशाचे छर्रे मारलेल्या नळीतून थोडा करडेपणा येतच राहतो, आणि आट्यांमध्ये बसलेला शिशाचा अगदी पातळ थर अचूकतेला मदतच करतो. एअर रायफलच्या नळीचं पोलाद काडतुसाच्या रायफलपेक्षा मऊ असतं. पितळी किंवा स्टीलचा ब्रश तिच्यात घालायची गरज नाही.

गंज असेल तर आता धीर धरायचा. शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेली चिंधी ओढा आणि रायफल तोंड खाली ठेवून रात्रभर सोडून द्या. तेल गंजाच्या कणांखाली शिरतं आणि त्यांची पकड सुटते. काम तेल करतं आणि वेळ करतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या चिंध्या ओढल्या की त्यांच्यावर तपकिरी पूड येईल. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. हे तीन-चार रात्री चालू द्या. रोज चिंधीवरचा तपकिरी रंग कमी होत गेला तर रस्ता बरोबर आहे. ज्या दिवशी आदल्या दिवसाइतकाच रंग आला त्या दिवशी समजा की उरलेला गंज खड्ड्यांत आहे. तो तिथेच राहणार.

तेल वापरल्यानंतरची पायरी एअर रायफलमध्ये कधीच गाळायची नाही: नळी पूर्ण कोरडी करणं. स्प्रिंग सुटते तेव्हा पिस्टनपुढची हवा एकदम दाबली जाते आणि इतकी तापते की तिथलं खनिज तेल पेटतं. डिझेल इंजिनात हेच होतं, म्हणून याला डिझेलिंगच म्हणतात. मोठा आवाज, धूर, छर्रा भलत्याच वेगाने जाणं आणि सील किंवा स्प्रिंग मोडणं, सगळं त्यातून येतं. चिंधीवर तेलाचा डाग यायचा थांबेपर्यंत कोरड्या चिंध्या ओढा, मग रायफल रात्रभर तोंड खाली ठेवा आणि सकाळी आणखी एक ओढा. उच्च दाबाची हवा टाकीत भरून चालणाऱ्या पीसीपी रायफलच्या टाकीजवळ किंवा झडपेजवळ खनिज तेल अजिबात नको, तिथे ते स्फोटाचं कारण होऊ शकतं.

बाहेरच्या गंजाला फॉइल. तिचा बोळा करा, तेलाचा थेंब घ्या आणि हलक्या हाताने चोळा. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे गंज निघतो आणि खालचा निळसर-काळा रंग बराचसा राहतो. घासणी वापरली तर रंगही जातो.

हे नको

आता व्हिनेगर, लिंबू, चिंच, कोला, संडास धुवायचं आम्ल. ही सगळी गंज काढतात, खोटं नाही. पण गंज संपल्यावर ती थांबत नाहीत. बंदुकीचा निळा-काळा रंग हासुद्धा लोहाचाच ऑक्साइड आहे, त्यामुळे आम्लाला गंज आणि रंग यातला फरक कळत नाही. आणि आटे कोरलेल्या बारीक नळीतून आम्लाचा शेवटचा अंश धुऊन काढणं घरी जमत नाही. आज लख्ख दिसणारी नळी पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा जास्त गंजते.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात मिसळून शिसं काढायची एक युक्ती फिरत असते. शिसं खरोखर विरघळतं. विरघळून जे तयार होतं ते लेड अ‍ॅसिटेट, शिशाचं पाण्यात विरघळणारं आणि त्वचेतूनही आत जाऊ शकणारं रूप. घरात मुलं असताना हे करू नये. मुलं नसतानाही करू नये.

भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, धातू चमकवायचा पॉलिश हे सगळे घासणारे पदार्थ आहेत. पितांबरी ठाण्याचीच, आणि पितळेच्या समईवर ती जे करते ते मान्य. पण समईला आटे नसतात. आट्यांच्या कडा एकदा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत.

ब्लीचने पोलाद गंजतं, आणि ब्लीच व अमोनिया एकत्र आले तर विषारी वायू निघतो. खाद्यतेलही नको. जवसाचं तेल सुकून चिकट पापुद्रा होतं, आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. खोबरेल हिवाळ्यात गोठतं, नंतर खवट होतं. डब्ल्यूडी-४० बद्दल सगळेच विचारतात. त्याच्या नावातली दोन अक्षरं ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ची आहेत, पाणी हटवण्याची, आणि तेवढ्यासाठी ते छान आहे. महिनोन्महिने गंज रोखणारा थर ते देत नाही, आणि स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये त्याचाही डिझेलिंगचा धोका आहेच.

परवान्याची रायफल असेल तर

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ती काही आठवड्यांनी परत येते, तेव्हा तिला कोणी तेल लावलेलं नसतं. आपल्याकडे परवान्याच्या नळ्या गंजण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. जमा करण्याआधी नळीत तेलाची चिंधी ओढून ठेवा आणि परत आल्यावर पहिल्यांदा तीच काढा. तेल भरलेल्या नळीतून गोळी झाडू नये.

काम परवानाधारकानेच करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढता येत असेल तर काढा आणि रॉड किंवा पुलथ्रू मागूनच घाला. इथे डिझेलिंगची भीती नाही, त्यामुळे तेल आणि एमटीओ मोकळेपणाने वापरता येतात. काजळी त्यांनीच सुटते. अमेरिकेतल्या सी. ई. हॅरिस या निशाणेबाजाचं एक घरगुती मिश्रण ‘एड्स रेड’ या नावाने प्रसिद्ध आहे: गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं लाल एटीएफ ऑइल, रॉकेल, मिनरल टर्पेन्टाइन आणि अ‍ॅसिटोन, सगळं समप्रमाणात. अ‍ॅसिटोन गाळलं तरी चालतं, आणि फ्लॅटमध्ये गाळावंच असं मला वाटतं. त्याची वाफ झटकन पेट घेते आणि दस्त्याचं पॉलिश क्षणात जातं.

.२२ रायफलच्या गोळ्या शिशाच्या असतात. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं तो ५० मीटरचा प्रकार याच .२२ चा. अशा नळीत शिशाचे जाड पट्टे बसले असतील तर द्रवाने जात नाहीत, घासावेच लागतात. ब्रशभोवती तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून तेलासकट फिरवणं हा जुना उपाय. मात्र बाजारातल्या बऱ्याच ‘तांब्याच्या’ घासण्या तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटली तर ती भांड्यांसाठीच ठेवा.

तांबं फक्त तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांच्या नळीत सापडतं. ते अमोनियाने सुटतं, आणि चिंधी निळी होऊन ते कळतं. अमोनिया नळीत दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, नंतर कोरडं करून तेल लावा.

जुन्या .३०३ काडतुसांची गोष्ट वेगळी. त्यांच्या टोपीतल्या रसायनातून नळीत क्षार उरत, मिठासारखेच, आणि मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून ब्रिटिश काळात शिपाई नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत, मग गरम नळी आपोआप कोरडी होई आणि तिला तेल लागे. तुमची रायफल अशी काडतुसं खाऊन पडून राहिली असेल तर सगळ्या महागड्या बाटल्यांच्या आधी चुलीवरचं आधण. एअर रायफलला हा उपाय लावू नका, तिथे ते क्षार नसतातच.

परवान्याच्या रायफलच्या नळीत काहीही अडकलेलं दिसलं तर घरचा प्रयोग तिथेच थांबवा. अडकलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटते. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या.

परत ठेवताना

हातमोजे आणि चिंध्या एका पिशवीत बांधून, वर ‘घातक कचरा’ लिहून घंटागाडीला वेगळ्या द्या. जाळू नका, शिशाचा धूर होतो. हात आधी थंड पाण्याने आणि साबणाने धुवा.

रेक्झिनची पिशवी टाकून द्या. खाडीकाठच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की फोमच्या आत ती कोंडून राहते, आणि चामड्याच्या कव्हरमध्ये कमावण्याची रसायनंही असतात. सुती कापडात सैल गुंडाळा आणि कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, तोंड खाली करून उभी ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवत असाल तर त्या इथे कामाला येतात. बाहेरच्या पोलादावर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात. बोटांचा घाम खारट असतो, म्हणून दाखवायला बाहेर काढलेली रायफल परत ठेवताना पुन्हा पुसायची. पावसाळ्यात महिन्याला एकदा बघितली तरी पुरे.

साफ केलेली नळी पहिल्याच छर्ऱ्यापासून नीट मारत नाही. थोडे छर्रे गेल्यावर ती स्थिरावते, म्हणून पहिल्या पाच छर्ऱ्यांवरून निर्णय देऊ नका. आणि नळी पुसायला मिळणाऱ्या नुसत्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या किंवा रिकामी स्प्रिंग सोडून बघू नका, समोर वजन नसलं की पिस्टन थेट आदळतो. घराच्या गच्चीवरही नको. पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबसारख्या जागी १० मीटरची रेंज असते, तशा ठिकाणी आधी विचारून जा. रायफल टेकवून, एकाच प्रकारच्या छर्ऱ्यांनी, कागदावर पाच-पाचचे गट मारा. गट हळूहळू लहान होत गेले तर नळी कामाची आहे. गट पसरलेलेच राहिले तर आधी दस्त्याचे स्क्रू आवळून बघा, मग छर्ऱ्यांचा प्रकार बदलून बघा, आणि तरीही फरक पडला नाही तर नळी बदलायची किंमत विचारा. ती मुलीच्या सरावासाठी लागणाऱ्या नव्या रायफलच्या जवळपास जात असेल, तर काकांची रायफल तेल लावून भिंतीवर टांगायला हरकत नाही.